दारावरचा स्वयंसेवक



आजचा माझा विषय आपणांस थोडा नवा वाटेल. पण त्याच्या पोटातला प्रश्न जुनाच आहे. निःस्वार्थ बुद्धीने केलेल्या कामाबद्दल लोकांनी जाब विचारावा की विचारू नये, हा तो प्रश्न. वाचनालय, व्यायामशाळा, उत्सवमंडळ चालविणारे पुष्कळजण येथे बसले आहेत. तक्रार आली की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "आम्ही पदरमोड करून राबायचे, आणि वर बोलणीही आम्हीच खायची?" हे वाक्य खोटे नाही, पण ते पुरते खरेही नाही. ते कसे, हे मी इंटरनेटच्या इतिहासातील एका प्रकरणावरून सांगणार आहे.

इंटरनेटवर संकेतस्थळे वाढू लागली तेव्हा कोणते कोठे आहे हे सांगणारी यादी हवी झाली. १९९४ साली अमेरिकेत जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी विषयवार यादी केली. तीच पुढे 'याहू' झाली. पण स्थळे शेकड्यांनी वाढली आणि यादी सांभाळणारी पगारी माणसे अपुरी पडली. अर्ज पडून राहू लागले. तेव्हा १९९८ च्या जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल या दोन अभियंत्यांनी दुसरी वाट काढली. ज्याला ज्या विषयाची गोडी, त्याने त्या विषयाचा कप्पा विनावेतन सांभाळावा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी स्वयंसेवक वाचकांनी शब्दांचे दाखले गोळा करून धाडले होते. तो आदर्श या कार्यापुढे होता. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने ही यादी आपल्याकडे घेतली. तिचे नाव 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' आणि बोलण्यातले नाव 'डीमॉझ'. २००० साली तिने याहूच्या यादीलाही मागे टाकले.

येथवर सारे कौतुकाचेच आहे. घोटाळा पुढे आहे. श्रेयाचा उल्लेख केला की ही यादी कोणालाही फुकट वापरता येत असे. २००० च्या मार्चमध्ये गूगलने ती उचलून स्वतःची निर्देशिका उभी केली. एओएल, लायकॉस यांनीही ती वापरली. शिवाय गूगलची मूळ कल्पना अशी की, एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्याने एक मत दिले, आणि वजनदार पानाचे मत अधिक वजनदार. डीमॉझचा दुवा असा वजनदार होता. त्यात त्याच्या नकला जागोजागी. ओपन डिरेक्टरी आणि याहू यांसारख्या निर्देशिकांकडे आपले स्थळ नोंदवा, असा सल्ला गूगलच्या सूचनांतच २००८ पर्यंत होता.

आता संकेतस्थळ चालविणाऱ्याच्या बाजूने पाहा. समजा, तो लाकडी खेळणी करून विकणारा साधा कारागीर आहे. त्याने योग्य तो विभाग शोधला आणि अर्ज केला. पुढे त्याचे काय झाले हे कळविण्याची रीत नव्हती. अर्ज कोणत्या क्रमाने पाहावेत, किती दिवसांत पाहावेत, याचे संपादकावर बंधन नव्हते. अर्ज नाकारला तरी कारण कळेलच असे नाही. त्या विभागाचा संपादक आपलाच प्रतिस्पर्धी तर नसेल, ही शंका मनाला कुरतडत राही. काही संपादकांवर तसे आरोपही झाले. नाव लागले तरी संपादकाने लिहिलेले वर्णन गूगलच्या उत्तरांत झळके, मग ते जुने झालेले का असेना. ते वर्णन नको असे सांगण्याची सोय मोठ्या शोधयंत्रांनी २००६ साली केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डीमॉझची यंत्रणा बंद पडली, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपादकांना कामच करता आले नाही. तितके दिवस कारागिराने काय करायचे? ना दाद, ना फिर्याद!

संपादकांचीही बाजू आहे, आणि ती लटकी नाही. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही यादी करतो ती वाचकांसाठी. दुकानदारांची जाहिरात करण्यासाठी नव्हे. स्वतःच्या फुरसतीतून ते काम करीत, आणि निरुपयोगी, फसव्या अर्जांचा ढीग त्यांनाच उपसावा लागे. त्यांनी सत्ता मागितलेलीच नव्हती.

मग दोष कोणाचा? शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथांची प्रचंड सूची केली. समजा, तिच्यात एखादे पुस्तक राहून गेले. म्हणून ते पुस्तक दुकानातून नाहीसे होत नाही; वाचकाला ते मिळतेच. यादी जोवर यादी असते तोवर तिच्यातील उणीव ही उणीवच असते. पण त्याच यादीवरून लोकांनी कोणत्या दुकानाकडे वळायचे हे ठरू लागले की ती यादी राहत नाही, ती वेस होते. आणि वेशीवर राखणदार बसला की त्याला उत्तर देणे भाग असते. शोधयंत्रांनी स्वयंसेवकांच्या श्रमाचे फळ घेतले, त्या श्रमाला सत्तेचे वजन दिले, आणि जबाबदारी मात्र कोणीच उचलली नाही. तक्रार घेऊन शोधयंत्राकडे जावे तर यादी त्यांची नव्हे. संपादकाकडे जावे तर सत्ता त्याची नव्हे. माझ्या मते खरे दुखणे येथे आहे.

या कथेचा शेवटही ऐका. गूगलने आपली निर्देशिका २०११ साली बंद केली, याहूची २०१४ च्या अखेरीस मिटली, आणि १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझचे दार लागले. तेव्हा तिच्यात सुमारे ३८ लाख स्थळे होती, आणि वर्षानुवर्षांत ९० हजारांवर संपादकांचे हात तिला लागले होते. ज्या तक्रारीतून ती जन्मली, त्याच तक्रारीने तिला अखेरपर्यंत सोडले नाही, ही दैवाची थट्टा म्हणावी. काही संपादकांनी 'कर्ली' या नावाने तो वसा पुढे चालविला आहे. त्यांना माझा नमस्कार असो.

आज निवड यंत्र करते. वेशीवर माणूस दिसत नाही, एवढाच फरक. वेस आहे तेथेच आहे.

तेव्हा आपल्या संस्थांपुरते तरी आपण एवढे करू या. अर्ज आला की पोच द्यावी. किती दिवसांत निर्णय होईल ते सांगावे. नकार असेल तर कारण लिहावे. आणि निर्णय चुकला असे वाटणाऱ्याला दुसऱ्या कोणाकडे तरी दाद मागता यावी. या चार गोष्टींना पैसा लागत नाही. सेवा विनामूल्य असली म्हणून ती बेजबाबदार असावी असे नाही; आणि जाब विचारणारा प्रत्येकजण कृतघ्न असतो असेही नाही. पुष्कळदा तो आपल्या कामाचे मोल आपल्याहूनही अधिक मानीत असतो. म्हणूनच तर तो दाराशी उभा असतो.