हृदयाचें औषध आणि रक्तांतील पोटॅशियम



जिंतूर तालुक्यांतील चारठाणा हें गांव प्राचीन देवालयांसाठीं प्रसिद्ध आहे. अशा गांवीं राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठीं शहरांतील मुलें हृदयविकाराचीं औषधें वेळच्या वेळीं पाठवितात. रक्ताची तपासणी मात्र मागें राहते, आणि खरा धोका तेथेंच असतो.

पोटॅशियम हें द्रव्य अन्नांतून शरीरांत येतें. हृदयाचे ठोके नियमित पडण्यास तें अवश्य असतें. रक्तांत त्याचें प्रमाण दर लिटरला सुमारें ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावें. जास्त झालेलें मूत्रपिंडें बाहेर टाकितात. हृदयाच्या दुर्बलतेवर अत्यंत उपयोगी असलेलीं रामिप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन हीं औषधें नेमकें हेंच कार्य मंदावितात. प्रमाण ६ च्या वर गेलें म्हणजे हृदयाची लय बिघडून एकाएकीं मृत्यूहि ओढवूं शकतो. कधीं अशक्तपणा येतो, नाडी मंद होते. पुष्कळदां पूर्वसूचना अशी मिळतच नाहीं.

हें भय काल्पनिक नव्हे. स्पायरोनोलॅक्टोननें तीव्र हृदयदौर्बल्याच्या रोग्यांचें आयुष्य वाढतें, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दाखविलें. औषधाचा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत पोटॅशियम वाढून रुग्णालयांत दाखल होणाऱ्या अशा वृद्ध रोग्यांचें प्रमाण १९९४ मध्यें हजारीं २.४ होतें, तें २००१ मध्यें ११ झालें. प्रयोगांत रोगी निवडून घेतलेले होते व त्यांचें रक्त वारंवार तपासलें जाई. व्यवहारांत ती दक्षता राहिली नाहीं.

घरच्या मायेचाहि येथें विचार केला पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत आजारी माणसास शहाळ्याचें पाणी आग्रहानें पाजतात. साधें मीठ वर्ज्य म्हणून कमी सोडियमचें मीठ आणतात. शहाळ्यांत पोटॅशियम विपुल असतें, आणि त्या मिठांत तर सोडियमच्या जागीं बहुधा पोटॅशियमच घातलेलें असतें. गुडघेदुखीच्या कित्येक गोळ्याहि मूत्रपिंडांवर ताण आणतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं विशेष जपावें.

म्हणून औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. तसें केल्यास हृदय अधिकच खचतें. औषध सुरू केल्यावर अथवा त्याची मात्रा वाढविल्यावर साधारण एका आठवड्यानें, पुन्हां महिन्यानें आणि पुढें डॉक्टर सांगतील तेव्हां पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्यावें. त्यासाठीं परभणीस एक खेप करावी लागली तरी ती टाळूं नये. गांवीं गोळ्या पाठविणाऱ्या मुलांनीं त्याच पत्रांत वा फोनवर मागील तपासणीची तारीख व आंकडा विचारून घ्यावा.