तांडेलाचा प्रश्न
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



गेल्या डिसेंबरात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर मी लक्षद्वीपला जाऊन आलो. निघण्यापूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले. रत्नागिरीकडचे तांडेल. म्हणाले, "सर, आमचा जन्म दर्यावर गेला. आता पोरीने दर्या शिकायला पैसे भरून एवढ्या लांब कशाला जायचं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत, वस्ती १० बेटांवर, आणि सारी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. समुद्रतळावरच्या डोंगरांच्या माथ्यावर ही बेटे रचली ती प्रवाळ नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी. हा प्राणी स्वतःभोवती चुनखडीचे घर बांधतो. तो मेला की त्याच्या घरावर दुसरा घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानालाही पोसते.

पहिले काही दिवस उथळ पाण्यात सराव झाला. तांडेलांची मुलगी पोहण्यात सर्वांत तरबेज, पण तिलाच सर्वांत जास्त वेळ लागला. कारण साधे आहे. बुडी मारताना श्वास रोखायचा, ही तिची लहानपणापासूनची सवय. पाठीवर हवेचे नळकांडे असताना मात्र श्वास कधीही रोखायचा नसतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, आणि ती कोंडून धरली तर फुप्फुसाला इजा होते. जे येते तेही प्रसंगी विसरून पुन्हा शिकावे लागते, हा त्या सहलीतला पहिला धडा.

दुसरा धडा मोजण्याचा. तळावर टेप पसरायची, ठरावीक अंतरावर तिच्याखाली काय आहे ते पाहायचे आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे: जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल, वाळू. जवळच पोपट मासे चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होते. खाल्लेली चुनखडी ते बारीक वाळू करून बाहेर टाकतात. त्या बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्यांचा मोठा वाटा आहे.

वर आल्यावर मुलीने पाटी दाखवली. 'मेलेला' हा शब्द तिला पुन्हा पुन्हा लिहावा लागला होता. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असे घडले. दोन संकटांमधला काळ सावरायला पुरत नाही, ही खरी काळजी आहे. प्रवाळाची भिंत खचली तर लाटा थेट किनाऱ्यावर येतील, आणि तिच्या आसऱ्याने वाढणारे मासेही राहणार नाहीत.

परत आल्यावर तिने ती पाटी वडिलांपुढे ठेवली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हणजे हे त्यांचं खडपच की." मग आपल्या किनाऱ्यावरच्या कोणत्या खडपावर पूर्वी कोणता मासा मिळे आणि आता मिळत नाही, हे ते सांगू लागले. मुलगी वहीत लिहून घेऊ लागली. असे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. आणि लिहिले नाही तर ते तांडेलांबरोबरच जाईल.

पालकहो, प्रवाळ पाहायला लक्षद्वीपलाच गेले पाहिजे असे नाही. आपल्या मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहे. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. गोव्यात १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मुलाला पाठवाल तसे मुलीलाही पाठवा.

तांडेलसाहेब आज समोर बसले आहेत. त्यांना माझे उत्तर एवढेच: दर्या तुम्ही जाणताच, पण आता तो बदलतो आहे. किती बदलला हे सांगायला तुमची आठवण हवी आणि पोरीची पाटीही हवी.