मोजलेले पाऊल

मेंदूस आघात झालेला मनुष्य शुद्धीवर आला, की आप्तांना वाटते, संकट टळले. वस्तुतः खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. बेशुद्धी किती गाढ आहे, हे मोजण्याची रीत ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या शल्यविशारदांनी १९७४ साली घालून दिली. शुद्ध आल्यावर भौतिकोपचारतज्ज्ञ निराळे मोजमाप आरंभितो. बसताना तोल राहतो काय? आधारावाचून उभे राहता येते काय? बर्ग यांच्या तोलमापनात अशी १४ कामे व एकूण ५६ गुण आहेत. दोनचार गुणांची वाढ घरच्यांच्या नजरेस येत नाही. परंतु उद्याचा व्यायाम ठरतो तो तिच्यावरूनच. रुग्णाचे विसरणे व चिडणे हा स्वभावदोष नसून आघाताचाच परिणाम असू शकतो, हे ओळखून तोच धडा रोज शांतपणे गिरवून घेणारे घर ही उपचाराची दुसरी बाजू होय.