रिकामी खुर्ची कुणाची?
(नाशिक येथील सभेतील भाषण)



माझ्या आधीचे वक्ते गर्जून गेले. मला गर्जता येत नाही. मी हिशेब सांगायला उभा आहे, आणि हिशेब आहे दिवसांचा.

एखादा आमदार वारला, राजीनामा देऊन मोकळा झाला, किंवा कोर्टाने त्याची निवड रद्द केली, की विधानसभेतली एक खुर्ची रिकामी होते. ती भरायला होते ती पोटनिवडणूक. नावात 'पोट' आहे म्हणून आपल्याला वाटतं, ही धाकटी, दुय्यम. तसं नाही! लासलगावच्या बाजारात कांदा मातीमोल झाला आणि नेमकी तुमच्याच तालुक्याची खुर्ची रिकामी असली, तर सभागृहात तुमच्या वतीने उठून जाब विचारणार कोण? शेजारचा आमदार? त्याला त्याचंच निस्तरता निस्तरत नाही. तुमचा कर चालू, पोलिसाची काठी चालू, फक्त तुमचं तोंड बंद. नाशिक शहराला हे निराळं सांगायला नको. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासकाचा कारभार होता. नळाला पाणी नाही आलं तर जायचं कुणाच्या दारी, हे ज्यांनी भोगलं ते इथे समोरच बसले आहेत.

कायदा काय म्हणतो? 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली 151 अ हे कलम घातलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर, किंवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून 'एवढ्या वेळात घेणं कठीण आहे' असं लिहून दिलं तर. लोकसभेला आणि विधानसभेला हाच नियम.

आता पुण्याचं ऐका. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक 22 डिसेंबर 2022 ला वारल्या. 26 फेब्रुवारी 2023 ला तिथे मतदान झालंसुद्धा! दोन महिन्यांत काम फत्ते. 1995 पासून एका पक्षाकडे असलेली ती जागा त्या मतदानात उलटली. पुढच्याच महिन्यात, 29 मार्चला, पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. तेच शहर, तीच यंत्रं, तेच कर्मचारी. लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरलेली. आणि निवडणूक? नाहीच! आयोग म्हणाला, आम्ही 2024 च्या तयारीत आहोत. एक साधा मतदार मुंबई उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने आयोगाला खडसावलं, निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. झालं! पुणेकर वर्षभराहून अधिक काळ खासदाराविना राहिले. कसबा दोन महिन्यांत होतो आणि पुणे वर्षात होत नाही, ही कुठली अडचण, बाबांनो?

अकोल्याची गोष्ट याहून चमत्कारिक. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा 3 नोव्हेंबर 2023 ला वारले. विधानसभेची मुदत 26 नोव्हेंबर 2024 पर्यंत. बोटांवर मोजा : एक वर्ष आणि वर तेवीस दिवस. आयोगाने मतदान ठेवलं 26 एप्रिलला. नागपूर खंडपीठाने मार्चमध्ये ते रद्द केलं. का, तर निवडून येणाऱ्याला वर्षसुद्धा मिळणार नाही. म्हणजे वर्ष मोजायचं खुर्ची रिकामी झाली त्या दिवसापासून नव्हे, नवा माणूस बसेल त्या दिवसापासून! मी न्यायालयाला दोष देत नाही. निवडून आलेल्याला काम करायला अवधी हवा, हेही खरं. पण याचा अर्थ काय होतो पाहा. आयोगाने जितका उशीर करावा, तितकी निवडणूक न घेण्याची सबब बळकट.

आणि त्याच 2024 मध्ये हरियाणात कर्नालची जागा मार्चमध्ये रिकामी झाली, मुदत सहा-आठ महिनेच उरली होती, तरी पोटनिवडणूक झाली. तिथे नव्या मुख्यमंत्र्यांना सहा महिन्यांच्या आत आमदार व्हायचं होतं. राज्यकर्त्याची निकड असली की वेळ सापडतो.

आपल्या नाशिकचंही एक सांगतो, कुणाला बोचलं तर बोचो. 1957 ला या नाशिकने दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवलं. 1963 ला इथली लोकसभेची जागा रिकामी झाली आणि यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून गेले. ते संरक्षणमंत्री होते, चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. माणूस मोठा, प्रसंग मोठा. कायद्याने त्यात गैर काही नव्हतं. तरी नाशिकच्या मतदाराच्या हातात मतपत्रिका आलीच नाही, हेही खरं. उलट अंधेरी पूर्व पाहा. 2022 मध्ये मुख्य विरोधी उमेदवाराने माघार घेतली, पण बाकीचे उभे राहिले म्हणून मतदान झालं, आणि 12,806 जणांनी 'यांपैकी कोणीही नाही' यावर बोट दाबलं. चूक की बरोबर, ते त्यांचं ते जाणोत. विचारलं तरी गेलं त्यांना!

तेव्हा तुमच्याकडे मागणं एवढंच. आपल्या जिल्ह्यात खुर्ची रिकामी झाली, तर ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन महिने झाले की मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, प्रत जिल्हाधिकारी कचेरीत, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. चौथ्या महिन्यात सह्यांचा कागद घेऊन सगळे मिळून जा. पाचवा संपायच्या आत वकील गाठा; जितका उशीर, तितकी निवडणूक न घेण्याची सबब बळकट, अकोल्याने ते दाखवलं आहे. अर्जाचा मसुदा व्यासपीठाच्या उजव्या हाताला टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा.