ताराबाईंना ‘आपल्या’ माणसांनी काय म्हटलं?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



विषय दिलाय ‘थोर स्त्रिया आणि त्यांचं एकाकीपण’. मी एकाच बाईबद्दल बोलणार आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या बायकांनाच नावं ठेवायला सुरुवात केली. ताराबाई मराठा घरातल्या. त्या विधवेशी ना नातं, ना जात. तरी त्यांनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का, एवढाच सवाल. पण काय भाषा! आजही आपल्यापैकी किती जणी इतकं रोखठोक लिहितील?

सनातन्यांनी शिव्या घातल्या असत्या तर त्यात नवल नव्हतं. पण सत्यशोधक चळवळीतल्याच एका सहकाऱ्याने पुस्तकाची टवाळी केली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसाला सुनावलं. ताराबाईंचं यानंतरचं लेखन मात्र उपलब्ध नाही. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापलं ते १९७५ मध्ये. म्हणजे ९३ वर्षांनी! आता त्यांचं नाव आपल्या प्रत्येक पोस्टरवर असतं. पोस्टरवरची बाई बैठकीत अडचणीचे प्रश्न विचारत नाही, हे त्यातलं सोयीचं.

आमच्या एका वस्तीतल्या गटात एका बाईने विचारलं, “दुसऱ्यांच्या घरातल्या मारहाणीवर आपण मोर्चा काढतो, मग आपल्याच कार्यकर्त्याच्या बायकोचा हात मोडला तेव्हा गप्प का?” उत्तर मिळालं, “चळवळ बदनाम होईल.” पुढच्या महिन्यात ती ‘आगाऊ’ ठरली, त्यापुढच्या महिन्यात ‘फोडाफोडी करणारी’. तिला पुढारी व्हायचंय, असंही कुणीतरी म्हणालं. (व्हायचं असेल तरी बिघडलं काय?) तिचा प्रश्न मात्र इतिवृत्तात लिहिलाच गेला नाही. मी तो लिहून घ्यायला लावला, तेव्हा मलाही दोन-चार विशेषणं मिळाली. मोडलेल्या हाताची केस अजून तशीच आहे.

गेल्या दोन बैठकांना ती आलेली नाही. येत्या गुरुवारी मी तिच्याकडे जाणार आहे. तुमच्यापैकी कोण येतंय सोबत?