करमुक्त बचत आणि ऑनलाइन खात्याची निवड



सोलापूर हे कष्टकऱ्यांचे नगर होय. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, चादरीचे माग आणि विड्या वळणाऱ्या हजारो भगिनी यांनी हे शहर घडविले. येथील पैसा श्रमाचा आहे. म्हणूनच तो कोठे ठेवावा, याइतकाच तो ठेवताना किती गळतो, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना गावकरी याबाबत सल्ला विचारतात. १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय सेवेत येणाऱ्यांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू करण्यात आली. तेव्हापासून कर्मचाऱ्यांनाही स्वतःच्या बचतीचे महत्त्व अधिक जाणवू लागले आहे.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून करमुक्त गुंतवणुकीचे वैयक्तिक खाते आहे. ते चालविणाऱ्या संस्था शुल्क घेत असल्याने स्वस्त संस्था शोधणे हे तेथील बचतदारांचे मोठेच काम असते. आपल्याकडे १९६८ च्या कायद्याने सुरू झालेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, म्हणजेच पीपीएफ, याबाबतीत सुलभ आहे. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत पंधरा वर्षांची असते आणि व्याज करमुक्त असते. दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते आहे. तेथे किमान रक्कम २५० रुपये आहे. ही खाती पोस्टात किंवा अधिकृत बँकेतच उघडतात. त्यांना डीमॅट खाते लागत नाही, की दलाल लागत नाही.

येथे खरा खर्च दिरंगाईचा होतो. पीपीएफचे व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजले जाते. दीड लाख रुपये ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला जमा झाले, तर ७.१ टक्के दराने सुमारे ८८७ रुपयांचे व्याज बुडते. पोस्टातील खात्यात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरून घरबसल्या पैसे भरता येतात. अक्कलकोट वा करमाळा तालुक्यातील दूरच्या वाडीवरील शिक्षकाचा त्यामुळे एक हेलपाटा वाचतो. मात्र कलम ८०सी ची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळत आली आहे, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना बाजाराशी निगडित गुंतवणूक करावयाची आहे, त्यांनी शुल्काकडे अधिक बारकाईने पाहावे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला ‘डायरेक्ट’ योजना ठेवावी लागते. तीत वितरकाचे कमिशन नसते. समजा, दरमहा एक हजार रुपये वीस वर्षे भरले. दहा टक्के वाढ धरल्यास सुमारे ७ लाख ५९ हजार रुपये होतात. एक टक्का खर्चात गेल्यास ६ लाख ६८ हजारच उरतात. भरलेली रक्कम २ लाख ४० हजार असताना ९१ हजारांची ही गळती होय. समभाग घेणाऱ्यांनी ‘बेसिक सेवा’ डीमॅट खाते मागावे. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एकूण मूल्य चार लाखांपर्यंत असल्यास त्यावर वार्षिक देखभाल शुल्क नाही. मात्र या गुंतवणुकीचा नफा सर्वस्वी करमुक्त नसतो आणि मुद्दलालाही जोखीम असते.

ॲप निवडताना चार प्रश्न विचारावेत. वर्षाचा एकूण खर्च किती? संस्था सेबीकडे नोंदणीकृत आहे काय? पैसे कोणाच्या नावे जमा होतात? उद्या खाते दुसरीकडे हलविता येईल काय? शेअर बाजारात खात्रीने दुप्पट पैसे देण्याची हमी देणाऱ्या संदेशावर विश्वास ठेवू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

थेंबे थेंबे तळे साचते, हे खरे. परंतु तळ्याला भेग पडली असेल, तर कितीही पाणी आले तरी ते टिकत नाही. ग्रामसभेत आणि पालकसभेत ही गोष्ट सोप्या शब्दांत सांगितली गेली, तर कष्टाचा पैसा कष्ट करणाऱ्याच्याच घरी राहील.