मीटरपट्टी आणि अचौर्यव्रत



१९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, तेव्हा बी.कॉम. होऊन मी नुकताच पेढीवर बसू लागलो होतो. गिरणीचा माल येईना. मी यंत्रमागाचे मिश्र कापड शुद्ध सुती म्हणून विकले. वडिलांना ते कळले. न रागावता त्यांनी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय माझ्यापुढे उघडून ठेवला. अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत खोटे माप आणि नकली मालाचा व्यवहारही येतो, हे मला तेव्हा उमगले. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मी फरकाची रक्कम परत केली.

आज कापड मोबाईलच्या पडद्यावर विकले जाते. ग्राहकाच्या बोटांना पोत कळत नाही. त्याला आपल्या शब्दाचाच आधार असतो. गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी ‘आर्ट सिल्क’ऐवजी नुसते ‘सिल्क’ लिहावे, असे सुचविले. मी तोच ग्रंथ उघडून दिला. विक्री मंदावली, हे लपवीत नाही.

बंधूंनो, बाजार बदलतो. मोह मात्र जुनाच असतो. रात्री रोजमेळ मिळवितो, तितक्याच काटेकोरपणे प्रतिक्रमणही करू या.

जय जिनेंद्र!